जंगल-तलावाचा माणूस मत मागतो तेव्हा : झाडीपट्टीतल्या आमच्या तीन निवडणुका

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या भाऊंनी यंदा पारावर बसून सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आता मी फारम भरत नाही." त्या दिवसापासून गावातली पोरं मला एकच विचारतात, "काका, मग एवढी वर्षं वाया गेली का?" मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं लिहितोय.

भाऊंचं नाव लिहीत नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माझं नाव राहू दे, काय घडलं ते लिही." चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेच्या धानपट्ट्यातला, म्हणजे झाडीपट्टीतला हा माणूस. सामूहिक वनहक्काचे, म्हणजे गावाच्या जंगलावरच्या हक्काचे दावे भरायचे, गावोगावच्या बोड्या-तलावांत (बोडी म्हणजे लहान तळं) माजणारं बेशरम हे झुडूप उपटायचं, तेंदूच्या हंगामात मजुरीचा हिशेब बायांना वाचून दाखवायचा, हे त्यांचं काम. मग २०१७ ला जिल्हा परिषद, २०१९ ला विधानसभा आणि २०२४ ला पुन्हा विधानसभा लढले. पहिल्यांदा अपक्ष, नंतर दोनदा एका छोट्या विदर्भवादी पक्षाकडून. जिल्हा परिषदेत दुसऱ्या क्रमांकावर होते. विधानसभेला दोन्ही वेळा डिपॉझिट गेलं. एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्शाएवढी मतं लागतात अनामत वाचवायला, आम्ही त्याच्या आसपासही नव्हतो.

मी तिन्ही वेळा बूथ सांभाळले. म्हणून आधी मला जे दिसलं ते सांगतो.

चिन्हाची गोष्ट सगळ्यात जास्त खुपते. मोठ्या पक्षाचं चिन्ह वर्षभर गावात असतं, झेंड्यावर, टोपीवर, कॅलेंडरवर. आमच्यासारख्या मान्यता नसलेल्या पक्षाला एकच चिन्ह सगळीकडे हवं असेल तर राज्यातल्या किमान पाच टक्के जागा लढवाव्या लागतात. आमच्याकडे तेवढे उमेदवारच नव्हते. मग अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की निवडणूक अधिकाऱ्यापुढे बसायचं आणि उरलेल्या मुक्त चिन्हांतलं एक घ्यायचं. २०२४ ला ४ नोव्हेंबरला माघार संपली आणि २० ला मतदान होतं. प्रचार दोन दिवस आधी बंद. म्हणजे चिन्ह हातात आल्यावर गावं पालथी घालायला चौदा दिवस, आणि तेही ऐन धान कापणीत. माणूस घरी सापडतच नव्हता. आम्ही धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं राहून पत्रकं द्यायचो. बाया विळा खाली ठेवून, हात लुगड्याला पुसून कागद घ्यायच्या आणि कमरेला खोचायच्या.

२०१९ ला शिलाई मशीन मिळाली होती. पोरांनी गेरूनं भिंती रंगवल्या, मोठ्या हौसेनं. २०२४ ला मिळालं कपाट. मतदानाच्या दिवशी आमच्या शेजारची आजी केंद्रातून बाहेर आली, काठी टेकत थेट माझ्याकडे. म्हणाली, "बावा, मशीन कुठं होती? मी वरून खाली, खालून वर पाह्यलो. सायेब म्हणे लवकर करा आजी. मंग मी जे दिसलं ते दाबलो." ह्याच आजीच्या घरी भाऊ कित्येक रात्री जेवलेत. तिच्या नवऱ्याचा वनहक्काचा दावा त्यांनीच लिहिला. तिच्या घराच्या भिंतीवर मात्र पाच वर्षांपूर्वीची शिलाई मशीन अजून होती. ती आम्ही पुसली नव्हती. ही चूक आमची, तिची नाही. मी त्या रात्री जेवलो नाही.

दुसरी गोष्ट पक्षाची. विदर्भवादी पक्षाचं म्हणणं असं की कोळसा आमचा, पाणी आमचं, वीज आम्ही करतो आणि उजेड दुसरीकडे पडतो. हे खोटं नाही. चंद्रपूरचं एक औष्णिक केंद्रच २९२० मेगावॅटचं आहे, आणि त्याची राख आमच्या लोकांच्या छातीत जाते. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २००९ च्या मोजणीत चंद्रपूर देशात चौथं आलं होतं, निर्देशांक ८३.८८. पण ह्यावर पक्षाचा उपाय काय? इथंच आणखी कारखाने आणा, रॉयल्टी इथंच ठेवा. भाऊंचा उपाय वेगळा. ग्रामसभेनं हो म्हटल्याशिवाय डोंगर उकरायचाच नाही, मग पैसा मुंबईला जावो की नागपूरला. पत्रकात त्यांनी हे वाक्य लिहिलं तेव्हा जिल्ह्याच्या बैठकीत त्यांना ते काढायला सांगितलं. कारण दिलं, "पश्चिमेकडच्या तालुक्यांत आपली मतं जातील." भाऊंनी काढलं नाही. मग पक्षाकडून आलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या तालुक्यापर्यंत पोचलेच नाहीत.

तर विचारायचं ते हे. अशा माणसानं छोट्या पक्षात जाणं चूक होतं का? का निवडणूक लढणंच चूक होतं? का जागा चुकली? ज्यांनी असलं काही जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. सहानुभूती नको, अनुभव सांगा.

चांदागडकर

चांगला धागा. थोडा जुना धागा जोडतो, कारण आपल्याकडे ही वाट नवी नाही.

१९६२ ची लोकसभा बघा. नागपुरातून लोकनायक बापूजी अणे निवडून आले, स्वतंत्र विदर्भाच्या बाजूनं आणि काँग्रेसच्या विरोधात. त्याच वेळी आपल्या चांदा मतदारसंघातून लालश्याम शाह महाराज अपक्ष निवडून आले. पानाबरस ह्या जमीनदारीच्या घराण्यातला गोंड माणूस. आदिवासींच्या जंगल-जमिनीच्या प्रश्नावर सरकार ऐकत नाही हे दिसल्यावर त्यांनी १९६४ मध्ये खासदारकी सोडून दिली. पुढे वीस वर्षांनी इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध जंगल बचाव मानव बचाव आंदोलन उभं राहिलं. त्यात बाबा आमट्यांबरोबर पुन्हा हेच लालश्याम शाह होते. धरणं झाली नाहीत. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावचे देवाजी तोफा आणि त्यांच्या पिढीचे कित्येक कार्यकर्ते त्याच चळवळीतून घडले.

म्हणजे खासदारकी दोन वर्षांत संपली, पण माणूस संपला नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो, आणि पुस्तकात हे नाव नाही म्हणून दरवर्षी एक तास स्वतःहून ह्यावर बोलतो. मुलं विचारतात, "सर, राजीनामा दिल्यानं काय मिळालं?" मी त्यांना नकाशावर इंद्रावती नदी दाखवतो आणि कुठली गावं पाण्याखाली जाणार होती ते सांगतो.

जांबुवंतराव धोट्यांचंही आठवतं. १९७१ ला फॉरवर्ड ब्लॉककडून नागपूर जिंकलं. सिंहाच्या चिन्हावर अख्खा विदर्भ पेटवला त्या माणसानं. पण १९८० ला ते लोकसभेत गेले ते इंदिरा काँग्रेसकडून. पुढे २००२ मध्ये स्वतःचा विदर्भ जनता काँग्रेस काढला, तोवर वारं गेलं होतं. विदर्भाचा प्रादेशिक पक्ष एका माणसाच्या आवाजावर चालतो. आवाज बसला की पक्ष बसतो. भाऊंच्या पक्षाचंही तसंच झालं असेल असं वाटतं.

मुठाकाठचा

मी पुण्याचा, त्यामुळे चुकत असेन तर सांगा. पर्यावरणाच्या कामाला निवडणूक कशाला हवी, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. ताडोबाजवळची लोहारा कोळसा खाण २००९ मध्ये थांबली ती चंद्रपूरच्या इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांच्या उपोषणानं आणि लोकांच्या दबावानं. केंद्राच्या पर्यावरण खात्यानं ती नाकारली. तिथं कुणाला आमदार व्हावं लागलं नाही.

आणि आपली निवडणुकीची पद्धतच अशा पक्षांना मारते. जर्मनीत मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, तिथं १९८३ मध्ये ग्रीन पक्षाला ५.६ टक्के मतं पडली आणि संसदेत २७ माणसं बसली. आपल्याकडे ५.६ टक्के म्हणजे डिपॉझिट जप्त. मग त्या चौदा दिवसांत भाऊंनी तीन दावे भरले असते तर जास्त फायदा नसता का झाला?

वैनगंगाकाठ

@मुठाकाठचा, प्रश्न रास्त आहे. आम्हीही २०१६ मध्ये रात्रभर हाच वाद घातला होता.

लोहारा जवळ चंद्रपूर शहर आहे. तिथं पत्रकार आहेत, वाघ आहे, ताडोबाचं नाव जगाला माहीत आहे. आमच्या गावच्या तलावाची पाळ फुटली तर कुठलं मंत्रालय बघतं? भाऊ सात वर्षं एका तलावासाठी अर्ज करत होते. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणारी जुनी जमीनदारी, गेली १९५१ ला, तलाव सरकारजमा झाले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे. म्हणजे पाळ कधी दुरुस्त करायची, गाळ कुठला काढायचा, मासेमारी कुणाला द्यायची ह्यातलं बरंच काही जिल्हा परिषदेच्या दालनात ठरतं. आमच्या गटाचा, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाचा सदस्य त्या दालनात होता, पण त्यानं सात वर्षांत तो तलाव एकदाही तोंडातून काढला नाही. म्हणून भाऊ म्हणाले, "दुसऱ्याच्या तोंडून किती दिवस बोलायचं?"

दावे भरायचे थांबले नव्हते हेही सांगतो. प्रचाराच्या मेटाडोरमध्येच भोंग्याशेजारी दाव्यांच्या फायली ठेवलेल्या असायच्या. भाऊ उतरले की बाया आधी फाईल विचारायच्या, पत्रक नंतर.

बोडीकाठची

मी भंडारा जिल्ह्यातली. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बायांबरोबर तलावांचं काम करते, आणि एकदा जिल्हा परिषदेला उभी राहून पडलेलीही आहे. वैनगंगाकाठ यांनी तलावाचं लिहिलं म्हणून राहवलं नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या भंडारा-गोंदियात आणि तुमच्या पूर्व चंद्रपुरात हे तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले. त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तलावात फक्त पाणी नसतं. कडेला देवधान म्हणजे रानटी भात असतो, कमळकंद असतो, पाणपक्षी येतात. बेशरम माजली की मासा अंडी घालायला जागाच राहत नाही. आम्ही बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा दोन-तीन पावसाळ्यांनी जुने मासे जाळ्यात दिसायला लागले. एक म्हातारी ढिवरीण मासा हातात धरून मला म्हणाली, "हा मी माह्या लग्नात खाल्लो होतो."

ह्या कामाच्या जोरावर मी उभी राहिले. जागा महिला राखीव होती. मला वाटलं बायांची मतं तर कुठंच जात नाहीत. पण राखीव जागेवर मोठ्या पक्षांनी आपापल्या माणसांच्या बायका उभ्या केल्या. बॅनरवर नवऱ्याचा फोटो मोठा. आमच्या बचत गटातल्या बायांना घरातून सांगितलं गेलं, "तळ्यावर तिच्यासंगं जा, मतं इकडं दे." कित्येकींनी मला नंतर रडत सांगितलं. मी त्यांच्यावर रागावले नाही. पण ह्यातून एक कळलं ते लिहिते. तलावावर बाई स्वतः निर्णय घेते, कारण चिखलात उभी ती असते. मतदान केंद्रावर ती घराची होऊन जाते. हे बदलायला एक निवडणूक पुरत नाही. मी पडल्यावर पुढच्या ग्रामसभेत पहिल्यांदा बायांनी तलावाच्या ठेक्यावर हात वर केले. नवरे बसलेले असताना. मी तेच निकालपत्र समजते.

बूथप्रमुख

मी एका मोठ्या पक्षाचं काम करतो, उघड सांगतो. पक्षाचं नाव घेत नाही कारण इथं पक्षाचं भांडण नको. मी भाऊंसारख्याच एका उमेदवाराच्या विरोधात काम केलंय आणि त्या माणसाबद्दल मनात आदर ठेवून केलंय.

तुम्ही मंडळी एक गोष्ट विसरता. रात्री दोन वाजता बाळंतिणीला नागपूरला हलवायचं असतं, तेव्हा लोक फोन कुणाला करतात? पोलीस ठाण्यात पोरगा बसवलाय, बँकेत कर्ज अडलंय, निराधारचे पैसे तीन महिने आले नाहीत. मतदार हे सगळं धरून मत देतो. त्याला विकलं गेलेलं म्हणू नका. पाचशेची नोट घेणारे आहेत, मी नाकारत नाही. पण नोट घेऊनही माणूस शेवटी ज्याच्या दारात उभं राहायचंय त्यालाच मत देतो. तुमचा उमेदवार ग्रामसभा बळकट करा म्हणतो. बरोबर आहे. पण ग्रामसभा रात्री दोन वाजता फोन उचलत नाही.

आणि वाघ. ब्रह्मपुरी वनविभागातल्या गावांत जाऊन "पर्यावरणवाला" असं म्हणून बघा. सरपणाला गेलेली आई परत आली नाही अशा घरात जंगलाचं भाषण चालत नाही. आमच्या बाजूनं प्रचारात एवढंच म्हणायचं असायचं, "हा वाघवाला आहे." बाकी काही लागत नव्हतं. ते खोटं होतं हे आम्हाला माहीत होतं. आज लिहिताना वाईट वाटतं.

वैनगंगाकाठ

@बूथप्रमुख, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. असं कुणी सांगत नाही.

वाघाचं खरं आहे, आणि आम्हाला सगळ्यात जास्त तिथंच लागलं. एक दिवस सांगतो. मोहफुलाचे दिवस होते, मार्च संपत आलेला. शेजारच्या गावातली बाई पहाटे फुलं वेचायला गेली आणि दुपारपर्यंत आली नाही. भाऊ आणि मी पोचलो तेव्हा लोक वनविभागाच्या गाडीभोवती जमलेले, हातात दगड. तिची टोपली झाडाखाली होती, अर्धी भरलेली, फुलं अजून ओली. भाऊंनी कुणालाही शांत राहा म्हटलं नाही. ते तिच्या पोराजवळ जमिनीवर बसले आणि बसूनच राहिले. संध्याकाळी पंचनामा झाला तेव्हा त्यांनी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून घेतली, ठिकाण नीट लिहायला लावलं, कारण भरपाईची फाईल पुढे अशाच एखाद्या शब्दावर अडते. पोराला म्हणाले, "सही नंतर कर, आधी ऐक."

त्या गावानं २०१९ ला त्यांना फार थोडी मतं दिली. मी चिडलो होतो. भाऊ म्हणाले, "त्यांनी माझ्याकडून वाघ मागितला नव्हता, बंदोबस्त मागितला होता. तो मी देऊ शकलो नाही." मला वाटतं पर्यावरणाचं राजकारण करणाऱ्यानं आमच्या भागात आधी ह्या प्रश्नाला तोंड दिलं पाहिजे. सरपणाऐवजी गॅस, गुरांचा गोठा, मोहाच्या दिवसांत गस्त, गावाजवळच्या वाघिणीची खबर वेळेवर. जाहीरनाम्यात आमचं हे चौथ्या पानावर होतं. ते पहिल्या पानावर हवं होतं.

दुसरी जखम वनहक्काची. कायद्यानं आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. बिगरआदिवासीला त्याशिवाय तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. आमच्या पट्ट्यात कुणबी, माळी, तेली, ढिवर, गोंड, माना सगळे एकाच जंगलाला लागून जबरानजोत करतात, म्हणजे वनजमीन कसतात. एकाचा दावा मंजूर, बांधाला लागून असलेल्या दुसऱ्याचा नामंजूर. नामंजुरीचं पत्र हातात घेऊन लोक भाऊंकडेच यायचे, कारण फॉर्म त्यांनी भरला होता. कायदा दिल्लीत झाला आणि राग मात्र भाऊंच्या अंगणात.

इंद्रावतीपार

भामरागड-एटापल्लीकडून लिहितोय. इकडं नेटवर्क कधी असतं कधी नसतं, उशीर झाला.

२०१७ च्या जिल्हा परिषद-पंचायत समितीला आमच्याकडच्या ग्रामसभांनी स्वतःचे उमेदवार दिले होते, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. पक्ष नाही, ग्रामसभा. इलाक्याची, म्हणजे आसपासच्या गावांची मिळून बैठक बसायची, गावागावचे लोक पायी येऊन दोन-दोन दिवस चर्चा करायचे. मुद्दे ठरलेले होते. वनहक्क कायदा, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि सूरजागडच्या लोहखाणीसारख्या खाणींना विरोध. ॲड. लालसू नोगोटी आणि सैनू गोटा जिल्हा परिषदेवर निवडून आले.

मी त्या बैठकांना चूल सांभाळायला होतो. तांदूळ गावागावातून आला, कुणी मूठभर, कुणी पायलीभर. उमेदवार कोण ह्यावर भांडण झालं नाही असं नाही, झालं. पण एकदा ठरल्यावर प्रचार वेगळा करावाच लागला नाही. उमेदवार गावात गेला नाही तरी गाव त्याचंच होतं. चिन्ह काय आहे हे ग्रामसभेच्या बैठकीतच प्रत्येकाला दाखवलं, कागदावर हात ठेवून.

आता दुसरी बाजूही सांगतो. निवडून येऊन खाण थांबली का? नाही. खाणपट्टा जिल्हा परिषद देत नाही. सूरजागडचा ३४८ हेक्टरचा पट्टा २००७ चा, आणि २०२१ पासून तिथून लोहखनिज धडाक्यानं निघतंय. विस्ताराची जनसुनावणी २०२२ मध्ये झाली ती जिल्ह्याच्या ठिकाणी, गडचिरोलीला. डोंगराखालच्या माणसानं तिथं कसं पोचायचं? ठाकूरदेवाची जत्रा मात्र त्याच डोंगरावर भरते.

तरी फरक पडला. सभागृहात माडिया आदिवासी माणूस कायद्याचं कलम सांगून बोलतो आणि साहेब खाली मान घालून लिहून घेतो, हे आमच्या पोरांनी पाहिलं. पुढे २०२२ ला मुदत संपली आणि निवडणुकाच लांबत गेल्या, प्रशासक बसला. ज्या एका दारातून आमच्यासारखा माणूस आत जाऊ शकत होता तेच दार बंद झालं. ह्यावर कुणी बोलत नाही. विधानसभा-लोकसभा वेळेवर होते, कारण ती मोठ्यांची असते.

कोरपन्याचा शेतकरी

मी पश्चिमेकडचा, ज्यांची मतं जातील म्हणून भाऊंना वाक्य काढायला सांगितलं त्या भागातला. मले वाटलं आपलंबी ऐकून घ्या.

आमच्याकडं शेतकरी संघटनेची जुनी पकड. वामनराव चटप स्वतंत्र भारत पक्षाकडून राजुऱ्याचे आमदार झाले होते. छोटा पक्ष जिंकू शकते, हे आमी डोळ्यांनं पाह्यलं. मंग २०१४ ला ते आम आदमी पक्षाकडून चंद्रपूर लोकसभेला उभे राह्यले. दोन लाखांवर मतं घेतली, तरी तिसरे. विधानसभेत जो माणूस चालते तो लोकसभेत अडकते. गावं वाढली का चळवळ पातळ होते, दुधात पाणी घातल्यावानी.

आता खाण-सिमेंटचं. माह्या घरातला एक पोरगा सिमेंट कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली आहे. कपाशीवर धूळ बसते, बोंडं काळी होतात, भाव पडते. मी निवेदनं देल्ली. पण कारखाना बंद करा असं मी म्हणू शकत नाही, कारण कपाशी ज्या वर्षी जाते त्या वर्षी त्याचाच पगार घर चालवते. भाऊंनी आमच्याकडं येऊन हे सांगतलं असतं, का नवी खाण ग्रामसभेशिवाय नको आणि जुन्या कारखान्यानं धूळ आवरली पाहिजे, पोराले कायम केलं पाहिजे, तर आमी ऐकलं असतं. पक्षानं आमालेच न विचारता ठरवलं का आमी ऐकणार नाही. हे मले लागलं.

मुठाकाठचा

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझा प्रश्न वरवरचा होता हे कळलं. कोरपन्याच्या काकांचं शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय. एक शंका राहते. मग जिल्हा परिषदेच्या गटापुरतंच लढायचं, आणि विधानसभा कायमची सोडायची?

बोडीकाठची

कायमची नाही. पण आमदारकीच्या दोन पराभवांत जेवढा पैसा आणि जीव गेला, तेवढ्यात गटातली सगळी गावं दहा वेळा फिरून होतात. गट म्हणजे ओळखीची गावं. तिथं शिलाई मशीन का कपाट हा घोळ आदल्या रात्री घरोघर जाऊन मिटवता येतो.

वैनगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. धागा काल संध्याकाळी भाऊंना पूर्ण वाचून दाखवला. पारावर आणखी दहा-बारा जण होते. वाघाच्या प्रतिसादाला भाऊ उठून थोडा वेळ बाहेर गेले. कोरपन्याच्या शेतकऱ्याचं ऐकल्यावर म्हणाले, "त्यांचा नंबर मिळेल का विचार. मी तिकडं जायला हवं होतं, पक्षाच्या निरोपावर थांबलो." काका, मला इथं व्यक्तिगत संदेश टाका, भाऊ खरंच येणार आहेत.

चांदागडकर सर, लालश्याम शाहांचं कुणालाच माहीत नव्हतं. एका पोरानं तिथंच मोबाईलवर नकाशा काढून इंचमपल्ली शोधलं.

मुठाकाठचा यांच्या शंकेवर आमच्याकडं जे ठरलं ते सांगतो. निकालानंतर नमुना २० मिळतो, त्यात प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं. दोन्ही विधानसभांचे ते कागद मी जपून ठेवले होते, पण कधी एकत्र मांडून पाहिले नव्हते. काल पारावर कंदिलाखाली पसरले, वीज गेली होती. आम्हाला वाटत होतं जिथं सभा मोठ्या झाल्या तिथं मतं असतील. तसं नाही. जिथं तलावाची पाळ गावानं स्वतः बांधली आणि जिथं सामूहिक हक्काचा बांबू ग्रामसभेनं स्वतः विकला, त्या केंद्रांवर आम्ही दोन्ही वेळा पहिल्या दोनांत आहोत. अशी नऊ गावं निघाली. सहा एकाच गटात येतात. बाकीच्या केंद्रांवर आम्ही फक्त भाषण करून आलो होतो, आणि आकडाही तसाच आहे.

भाऊ उभे राहणार नाहीत हे कायम आहे. त्या सहा गावांतली एक ताई आहे, तलावाच्या समितीची. तिचं नाव पुढे आलंय, तिनं अजून होकार दिलेला नाही. नवऱ्याला विचारते म्हणाली नाही, "ग्रामसभेत विचारा" म्हणाली. गट राखीव निघाला, बदलला, निवडणूक पुन्हा लांबली, काहीही होऊ शकतं. अनामत ग्रामसभांनी भरायची ठरली, भाऊंच्या खिशातून नाही. पक्षाचं बी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचं पत्र, घ्यायचं का नाही ह्यावर एकमत झालेलं नाही. इंद्रावतीपार, तुमच्याकडं इलाक्याच्या बैठकीत उमेदवार ठरवताना दोन गावं अडून बसली तर काय करत होता ते जरा सविस्तर लिहा. आमची पहिली बैठक रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यावर आहे.

आणि आजीच्या भिंतीवरची शिलाई मशीन आज सकाळी पोरांनी चुना मारून पुसली. आजी ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "आता जे काढाल ते मले आधी दाखवा."